द्रौपदाबाईंच्या पोटातला फुगा

नळी बाहेर येईना.

डॉक्टर कोल्ह्यांनी अगदी हलक्या हाताने ती पुन्हा ओढून पाहिली. द्रौपदाबाईंच्या नाकातून ती बोटभर सरकली आणि थांबली. बाईंनी डोळे घट्ट मिटले. चादर त्यांच्या मुठीत गोळा झाली.

कोल्ह्यांनी नळी सोडून दिली. खोलीत हुडहुडी भरावी अशी थंडी होती, तरी त्यांच्या कपाळावर घाम होता.

"इंदिराबाईंना बोलवा," ते म्हणाले. "पोट उघडावं लागेल."

इंदिराबाई सपकाळे या जळगावच्या त्या रुग्णालयात भूल देणाऱ्या डॉक्टर. आयाबाईंनी निरोप आणला तेव्हा त्या जेवणाचा डबा उघडत होत्या.

"कुणाचं ऑपरेशन?"

"त्या धरणगावच्या बाईचं, मॅडम. नळीवाल्या."

इंदिराबाईंनी डब्याचं झाकण परत लावलं.

नळीवाली बाई सगळ्या रुग्णालयाला माहीत होती. सन एक्क्याण्णवचा पौष महिना. पोटात दुर्बीण घालून वरचं जठर बघता येत होतं, खालून मोठं आतडंही बघता येत होतं. पण मधलं लहान आतडं म्हणजे अंधारा बोळ. तिथवर कुणाची नजर पोचत नव्हती. द्रौपदाबाईंचं रक्त त्याच बोळात कुठेतरी गळत होतं. दोन वर्षं रक्त चढवायचं आणि ते पुन्हा वाहून जायचं, असं चाललं होतं. पापण्यांच्या आतली कातडीसुद्धा कागदासारखी पांढरी झाली होती.

अशात ही जपानी दुर्बीण आली. करंगळीहून बारीक, लांबच लांब नळी. टोकाला दिवा, भिंग आणि द्राक्षाएवढा फुगा. नळी नाकातून घालायची. पोटापुढे गेली की बाहेरच्या तोटीतून फुग्यात हवा भरायची. आतड्याला तो फुगा घास वाटतो आणि ते त्याला पुढे ढकलत नेतं. काही तासांनी हवा काढून घ्यायची आणि नळी हळूहळू मागे ओढत सगळा रस्ता बघायचा.

दुर्बीण विकत घेतलेली नव्हती. आपल्याकडच्या रोग्यांना ती कितपत उपयोगी पडते ते कोल्ह्यांनी पारखायचं होतं. त्यांच्या अहवालावर ती जळगावात राहायची की परत जायची, ते ठरणार होतं. कंपनीचे इंजिनियर नाडकर्णी मुंबईहून तिच्याबरोबर मुक्कामालाच आले होते.

आणि आता तो घास पोटातच अडकून बसला होता.

इंदिराबाई खोलीत शिरल्या आणि त्यांनी शाल घट्ट लपेटली. एसी घोंघावत होता. नळीचा बाहेर राहिलेला भाग वेटोळे करून खुंटीला टांगलेला होता आणि एसीच्या झोताने हलत होता. द्रौपदाबाई कुशीवर पडून होत्या. हाताला सलाईन, नाकात नळी, गालावर चिकटपट्टी. उठता येईना, वळता येईना. कानामागे एक तुळशीचं पान. ओठ कोरडे.

"काय झालंय नक्की?" इंदिराबाईंनी विचारलं.

"फुग्यातली हवा निघत नाहीये," कोल्हे म्हणाले. "सिरिंज लावून खेचतोय, पण दट्ट्या हलत नाही. पुढेही जात नाही, मागेही येत नाही. जास्त जोर केला तर आतडं फाटेल."

"नळी कापली तर?"

"कुठे कापू? अडलंय कुठे तेच कळत नाही. कापलेलं टोक आत सरकलं तर मग बघायलाच नको. धुळ्याहून रक्ताच्या बाटल्या मागवल्यात. गाडी निघालीय. आली की पोट उघडायचं."

इंदिराबाईंनी रोग्याची नाडी धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग कोल्ह्यांना खूण करून दाराबाहेर नेलं.

"हिच्या अंगात रक्त नाही. मी भूल दिली तर ही परत उठेल, असं मी तिच्या घरच्यांना सांगू शकणार नाही."

"मला माहीत आहे," कोल्हे हळूच म्हणाले. "दुसरा रस्ता असेल तर सांगा."

तेवढ्यात नाडकर्णी मागून आले. चेहरा लाल झालेला.

"रस्ता पोलिसांकडे जातो, डॉक्टर! सकाळी मी स्वतः ही नळी पाण्यात धरून तपासली. फुगा फुगला, रिकामाही झाला. तोटी मी बंद केली होती. आता बघा, भलतीकडेच फिरलीय. कुणीतरी मुद्दाम हात लावलाय."

इंदिराबाईंनी परत आत जाऊन तोटी पाहिली. खरंच, तिची कळ अर्धवट तिरपी होती.

"रक्त येईपर्यंत वेळ आहे ना?" त्या म्हणाल्या. "तोवर पोलीस नकोत. मला विचारू द्या."

भूल देण्याआधी त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत. शेवटचं काय खाल्लंत, काय प्यालात? लोक हटकून खोटं सांगतात. आई रडणाऱ्या लेकराला बिस्कीट देते आणि काहीच नाही म्हणते. म्हणून इंदिराबाई तोच प्रश्न दोघातिघांना वेगवेगळं गाठून विचारत. इतक्या वर्षांत त्यांना एक कळलं होतं. माणसं दुष्टपणाने क्वचित खोटं बोलतात. बहुतेक वेळा प्रेमाने बोलतात, नाहीतर भीतीने.

पहिल्यांदा त्या सुमनबाईंकडे गेल्या. सुमनबाई वॉर्डातल्या जुन्या सिस्टर. त्या टेबलाशी बसून भेगाळलेल्या हातांवर फुंकर घालत होत्या.

"सुमनबाई, खोलीत कोण कोण गेलं?"

"सकाळी फुगा पोटापुढे गेला, त्याचा फोटो काढला, तोवर मी होते. मग मी जेवायला गेले. तेव्हा आधी नवरा बसला, मग तिची जाऊ, भागाबाई, बसली. एका वेळी एकच, असं मी बजावलं होतं. आणि हे नाडकर्णी. त्यांची तर सारखी ये-जा. यंत्र नव्हे, तान्हं बाळ आहे त्यांचं."

"बाई कशा होत्या?"

"सकाळी काय गोंधळ घातला म्हणता! बाळकृष्ण बरोबर घेऊन आलीय. रोज त्याला पंचामृताने न्हाऊ घालायचं आणि तीर्थ घेतल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा नेम आहे. पूजा केली. मी म्हटलं, तीर्थ नाही. तोंडात थेंब जायचा नाही. नथ, माळ, डोक्यातलं फूल, सगळं काढून जावेच्या हातात दिलं. काय रडली! मला वाटलं, आता दिवसभर जीव खाणार. पण दुपारनंतर एक अक्षर नाही. गप पडून आहे बिचारी."

"शेवटचं काय पोटात गेलं?"

"काल रात्रीची पेज. मी पहारा ठेवलाय, मॅडम. ती जाऊ कँटीनमधून पेलाभर गरम पाणी घेऊन आली, तर मी लगेच हटकलं. ती म्हणाली, पाजायला नाही हो बाई."

"मग कशाला?"

"विचारलं नाही मी. थंडी आहे, हातपाय शेकत असतील." सुमनबाईंनी खोबरेलाची बाटली उचलली, उलटी केली, बुडावर चापट मारली. आतलं तेल मेणासारखं घट्ट झालं होतं. "बघा ना. पौषात हे असं. त्यात ह्यांचा एसी, बर्फाच्या कारखान्यासारखा. काडीने कोरून काढावं लागतं."

दुसरा नंबर नाडकर्ण्यांचा.

"तुम्ही दुपारी खोलीत गेलात?"

"दिवा बघायला. तो तापतो. म्हणून तर एसीचा झोत सरळ यंत्रावर सोडलाय."

"तेव्हा आत कोण होतं?"

"त्या बाईंची जाऊ. मी दार उघडलं तशी दचकून उभी राहिली. पदर पार हनुवटीपर्यंत."

"तोटी बघितलीत?"

"नाही. दिव्याकडे बघत होतो."

"आणि मी म्हटलं की तोटी तुम्हीच फिरवलीत, तर?"

"मी? माझ्याच यंत्राला?"

"यंत्रात दोष निघाला तर ते परत जाईल. दोष माणसाचा निघाला तर राहील."

"बाई," नाडकर्ण्यांचा आवाज एकदम बसला, "त्या खोलीतल्या माणसाचा जीव जाण्यापेक्षा दोष माझ्या यंत्रात निघालेला मला चालेल. पण सकाळी ती नळी चांगली होती हो. देवाशपथ चांगली होती."

इंदिराबाईंनी मान हलवली आणि त्या व्हरांड्यात आल्या. बाकड्यावर द्रौपदाबाईंचे मालक झुलालभाऊ बसले होते. कापसाच्या शेतात उन्हाने रापलेला, उंच, रागीट माणूस.

"झुलालभाऊ, सकाळी तुम्ही नळी उपटून फेकतो म्हणालात?"

"म्हटलंच!" ते उसळले. "मनी बायको शे ती. काय उंदीर शे का प्रयोग कराले? सकायपासून नाकमा दोरी घालेल, बैलना मायक!"

"मग उपटलीत?"

"नही. दुपारले मी उनू, तिना जवळ बसनू. ती डोया मिटीसन पडेल व्हती. माले बघवेना. उठीसन गऊ."

"मग भागाबाई बसल्या. त्यांनी काही पाहिलं असेल. विचारलंत?"

"ती मनासंगे बोलत नही. भासरा शे मी तिना."

इंदिराबाईंना खानदेशातली ही रीत माहीत होती. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, तोंडातून शब्द काढत नाही. एका घरात आयुष्य जातं, पण आवाज ओळखीचा होत नाही.

"मना धाकला भाऊ मरी गया, तवपासून ती आमना घरमा शे. पोरबाय नही. पन मानूस सोनं शे, डॉक्टरबाई. मना बापले लकवा व्हयना, घास गियता येये ना. धुळाना दवाखानामा दोन महिना तिनीच बठ्ठं करं. पोटनी पोर नही करस इतलं." बोलता बोलता त्यांचा आवाज पुन्हा चढला. "पन ध्यान ठेवा. त्या नळीले ज्यानी कोनी हात लावा व्हई, साहेब ऱ्हावो का घरना ऱ्हावो, त्याले मी सोडाव नही. घरना व्हई तर उंबरठामा पाय ठेवू देवाव नही!"

व्हरांड्याच्या टोकाला, नळाशी, एक बाई पाठमोरी उभी होती. ते शब्द ऐकून तिचे खांदे आकसले. इंदिराबाईंनी ते पाहिलं.

त्या तिच्याकडे गेल्या. झुलालभाऊ दिसणार नाहीत अशा बाजूला तिला घेऊन बसल्या. भागाबाईने पोटाशी कापडी पिशवी घट्ट धरली होती. पिशवीच्या तोंडातून बाळकृष्णाचं पितळी डोकं आणि झाकण घातलेली एक लहान वाटी दिसत होती.

"भागाबाई, तुम्ही आत काय करत होतात?"

"अक्काना पाय दाबी ऱ्हायनी व्हती."

"नळीला हात लावलात?"

तिने पिशवी आणखी जवळ ओढली. "नही."

"शेवटचं काय दिलंत त्यांना?"

आता मात्र ती झटकन म्हणाली, "देवनी आन, डॉक्टरबाई. अक्काना तोंडमा मी थेंब नही दिधा."

इंदिराबाईंना वाटलं, पहिलं उत्तर खोटं आहे आणि दुसरं अगदी खरं.

"अक्काले काप्तीन का हो?" भागाबाईने विचारलं. आणि पदराआड तोंड दाबून धरलं.

राहिल्या द्रौपदाबाई. इंदिराबाई पुन्हा त्या थंड खोलीत गेल्या, स्टूल ओढून त्यांच्या तोंडाजवळ बसल्या.

"द्रौपदाबाई, बोलू नका. मी विचारते, बोटाने सांगा. तुमच्याजवळ कोणी येऊन या नळीला काही केलं?"

बोट आडवं हललं. नाही.

"झोपेत होतात, म्हणून कळलं नसेल?"

नाही.

"पोट उघडावं लागणार आहे. कळतंय तुम्हाला? त्यात काय होईल ते मी सांगू शकत नाही."

बाईंचे डोळे एकदा दाराकडे गेले. दाराच्या काचेत झुलालभाऊंची सावली होती, तिच्यामागे पदर घेतलेली दुसरी. मग त्या खरखरत्या आवाजात म्हणाल्या, "उघाडा."

"भीती नाही वाटत?"

"देवनं बठ्ठं व्हयनं आज. आते काय बी व्हवो. पन बाहेर कोनले काही इचारू नका."

नाकातून दोरी गेलेली, जागची हलू न शकणारी ती बाई. ती स्वतःसाठी काहीच मागत नव्हती. कुणाला तरी पाठीशी घालत होती. इंदिराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पांढरा चेहरा, घट्ट बांधलेले केस, कानामागचं पान. कडेला वाळून कशानेतरी केसाला चिकटलेलं ते पान.

त्या एकदम उठल्या.

"कोल्हेसाहेब, एक्स-रे दाखवा. दोन्ही."

कोल्ह्यांनी दोन्ही फिल्मा उजेडावर लावल्या. सकाळच्या फिल्ममध्ये नळीच्या टोकाशी काळा गोल ठिपका होता. दुपारच्या फिल्ममध्ये नळी पुष्कळ पुढे गेलेली होती, पण ठिपका नव्हता.

"म्हणूनच तर कोडं आहे," कोल्हे म्हणाले. "फुगा फुटलाय म्हणावं, तर नळी सुटायला हवी."

"फुटलेला नाही. फोटोत हवा काळी दिसते. पाणी, दूध असलं काही दिसत नाही. फुगा आहे तिथेच आहे, साहेब. त्यातली हवा गेलीय आणि दुसरं काहीतरी भरलंय."

"काय?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. सुमनबाई दारात आल्या. "साहेब, धुळ्याचं रक्त आलं. ऑपरेशनची खोली तयार आहे."

कोल्ह्यांनी इंदिराबाईंकडे पाहिलं. "आता थांबता येणार नाही."

"थोडंसं थांबा. सुमनबाई, बादलीभर कढत पाणी आणि आहेत तेवढे टॉवेल. नाडकर्णी, एसी बंद करा. आणि झुलालभाऊ, भागाबाई, दोघंही आत या."

एसीचा आवाज थांबला. खोलीत अचानक इतकी शांतता झाली की द्रौपदाबाईंचा श्वास ऐकू येऊ लागला.

इंदिराबाईंनी खुंटीवरची नळीची वेटोळी काढली. टॉवेल पाण्यात बुडवून पिळला आणि नळीभोवती गुंडाळला. त्यावर दुसरा.

"काय करताय?" नाडकर्णी पुढे झाले. "भिंग—"

"भिंगाचं टोक पोटात आहे, तिथे ऊबच आहे. अडलंय ते इथे, बाहेर, या थंडीत." त्यांचे हात थांबले नाहीत. "साहेब, मी दोघींना एकच प्रश्न विचारला. ह्या बाईंना शेवटचं काय दिलं? दोघी म्हणाल्या, आज काही नाही. पण सकाळी तीर्थासाठी रडणारी बाई दुपारनंतर एकदम शांत कशी झाली? मला म्हणाल्या, देवाचं सगळं झालं आज. तीर्थाशिवाय ज्यांचा दिवस पुरा होत नाही, त्या असं कधी म्हणतील?"

"अहो, पण तोंडात थेंब गेला नाही!" सुमनबाई म्हणाल्या. "मी बघितलंय."

"नाहीच गेला. सुमनबाई, सकाळी तुम्ही यांचं सगळं अंगावरचं काढलंत ना? डोक्यातलं फूलसुद्धा?"

"एकूण एक."

"मग हे कुठून आलं?" त्यांनी द्रौपदाबाईंच्या कानामागे बोट नेलं. "तीर्थातलं तुळशीपान. तीर्थ घेतल्यावर आपण ते डोळ्यांना लावतो, कानावर ठेवतो. हे मधाने केसाला चिकटलंय. म्हणजे तुमच्या नंतर, कुणीतरी इथे तीर्थ दिलं."

झुलालभाऊ पुढे सरकले. "कोनी?"

इंदिराबाई त्यांच्याकडे न बघता बोलत राहिल्या. "लकवा झालेल्या, घास गिळता न येणाऱ्या माणसाला दवाखान्यात कसं जेवू घालतात? नाकात नळी घालून. आणि भरवतं कोण? सिस्टर एकदा दाखवतात, मग घरची माणसंच सिरिंजने दूध, पेज, पाणी सोडतात. दोन महिने ज्या बाईने रोज हे केलं, तिच्यासाठी नाकातली नळी म्हणजे पोटात जाणारी वाट. दुसरं काही असू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. आपण तिला काय बजावलं? तोंडात थेंब नको. तिने नाही दिला तोंडात."

कोल्ह्यांचा हात कपाळाला गेला. "फुग्याची तोटी..."

"तीच. बाहेरून दिसणारी, सिरिंज बसणारी जागा. तिने कळ फिरवली, आतली हवा सुटून गेली. मग पंचामृत सोडलं. थंड तीर्थ आजारी पोटाला बाधू नये म्हणून वाटी गरम पाण्यात धरून कोमट केलं होतं. पाजायला नाही, म्हणाली ना? त्यामुळे तूप विरघळलेलं होतं, ते केसासारख्या बारीक वाटेतून गेलं. एरवी ती नंतर पाणी सोडून नळी धुते, तशी सवयच लागते. पण तेवढ्यात नाडकर्णी दार उघडून आले. तिने घाईत कळ फिरवली, ती अर्धीच फिरली. आणि यंत्रावर सोडलेला झोत नळीवर येत होता. सुमनबाईंच्या बाटलीत खोबरेल गोठलं, तसं नळीत तूप गोठलं. फुग्याला बूच बसलं."

सगळ्यांच्या नजरा एका पदराकडे वळल्या.

"भागा?" झुलालभाऊ तिच्याकडे वळले. दगड पडावा तसं ते नाव खोलीत पडलं.

"तिले काही बोलू नका!" पलंगावरून घोगरा आवाज आला. द्रौपदाबाईंनी सलाईनचा हात उचलला होता. "मी सांगं तिले. नेम मना शे. पाप मना."

आणि मग, एवढी वर्षं त्या घरात जे घडलं नव्हतं, ते घडलं. भागाबाई भासऱ्यासमोर बोलली.

"अक्का कसाले सांगी? अक्का रडी ऱ्हायनी व्हती. माले देखाये ना." पदर पुढे होता, पण आवाज स्पष्ट होता. "हात मना, भाऊ. माले वाटनं, सासराले देऊत तशी नळी शे. मंग साहेब बोंब पाडाले लागनात, तुम्ही उंबरठानं बोलनात. मी कोठे जाऊ, भाऊ?"

टॉवेलमधून वाफ निघेनाशी झाली होती.

झुलालभाऊ खाली बघत उभे होते. मग वाकून त्यांनी बादलीत हात घातला.

"पानी निवी गयं," ते म्हणाले. "मी दुसरं लयी येस."

आणि बादली उचलून गेले.

दुसऱ्या बादलीनंतर इंदिराबाईंनी सिरिंज कोल्ह्यांच्या हातात दिली. त्यांनी दट्ट्या मागे खेचला. हलला नाही. त्यांनी श्वास घेतला, वाट पाहिली, पुन्हा अगदी सावकाश खेचला.

सिरिंजच्या तळाशी दुधाचा एक थेंब उमटला. मग दुसरा. मग पिवळसर पांढरी धार, तिच्यात दह्याच्या बारीक कण्या.

"येतंय," नाडकर्णी लहान मुलासारखं म्हणाले. "येतंय!"

फुगा रिकामा झाला. कोल्ह्यांनी नळी धरली आणि ओढली. ती आली. चार बोटं, वीतभर. अडल्याशिवाय. ते डोळा भिंगाला लावून बसले आणि तसूतसूने आतडं मागे टाकत राहिले. एका जागी त्यांचा हात थांबला. खूप वेळ थांबला.

"इंदिराबाई, या. बघा."

गुलाबी भिंतीवर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका होता आणि त्यातून बारीक रक्त पाझरत होतं. दोन वर्षं दडून बसलेली जागा.

"आता पोट उघडायचं तरी कुठे, ते माहीत आहे," कोल्हे म्हणाले. "आणि आजच नाही. आधी हे रक्त चढू दे, अंगात ताकद येऊ दे."

नळी पूर्ण बाहेर आली तेव्हा द्रौपदाबाईंनी पहिल्यांदा कूस बदलली. नुसती कूस बदलली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

नाडकर्णी नळी पुसत होते. "जपानात असं कधीच झालं नाही हो."

"तिथे घरची माणसं नाकातल्या नळीतून भरवत नसतील," इंदिराबाई म्हणाल्या. "अहवालात हेही लिहा, साहेब. तोटीला लाल कापड बांधा, आणि नळी घालण्याआधी रोग्याच्या माणसांना जवळ बसवून सांगा, ही वाट पोटाची नाही."

"पहिलं वाक्यच हे लिहितो," कोल्हे म्हणाले.

द्रौपदाबाई मात्र कसला तरी विचार करत होत्या. त्यांनी इंदिराबाईंचा पदर ओढला.

"डॉक्टरबाई, ते तीर्थ फुग्गामाच व्हतं का?"

"हो."

"पोटमा गयंच नही?"

"एक थेंबही नाही. तुमच्या पोटात होतं, पण तुम्हाला लागलं नाही."

"म्हंजे मना नेम आजून बाकीच शे?" त्यांनी घाबरून जावेकडे पाहिलं.

मग झुलालभाऊ हसले. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने, डोळे पुसत हसले. "देखा! इतलं रामायन करं, आन नेम बाकीच!"

घशाचं बधिरपण गेलं, गिळता येतंय अशी कोल्ह्यांनी खात्री करून घेतली आणि मान डोलावली. भागाबाईने पिशवीतून वाटी काढली. झाकण उघडलं. पळी भरली आणि सवयीने तिची नजर पलंगाशेजारच्या सिरिंजकडे गेली.

"भागाबाई," इंदिराबाई म्हणाल्या, "तोंडातून."

पदराआडून हसू ऐकू आलं. द्रौपदाबाईंनी उजवा तळहात खोलगट करून पुढे केला. तीर्थ ओठांना लावलं, ओला हात डोळ्यांवरून आणि केसांवरून फिरवला. नंतर तोच हात त्यांनी भागाबाईच्या डोक्यावर ठेवला आणि काढला नाही.

जाता जाता इंदिराबाई दारात थांबल्या. उद्या-परवा याच बाईला त्यांना भूल द्यायची होती.

"द्रौपदाबाई, शेवटचं काय पोटात गेलं?"

दोघी जावा एकदमच म्हणाल्या, "तीर्थ."

या वेळी इंदिराबाईंनी तिसऱ्या कुणाला विचारलं नाही.